सर्जेरावाची खांदमळणी

पोळ्याच्या सकाळी सुलाबाई धुणं घेऊन घाटावर गेली, तर आगबोटीच्या चाकातून एक हात लोंबत होता. हाताला बोटं चार. करंगळी नव्हती.

त्यामुळे तोंड पाहायची गरज पडली नाही. भांबरगावात चार बोटांचा उजवा हात एकच होता, आणि तो आगबोटीचं इंजीन चालवणाऱ्या भुजंगाचा. करंगळी फार वर्षांपूर्वी याच चाकानं नेली होती. उरलेला भुजंग आता नेला, असं सुलाबाईला वाटलं. पुढं सगळ्या गावालाच तसं वाटलं.

ती ओरडत चावडीकडे पळाली. चावडीत जमादार नागनाथ तंबाखू मळत बसला होता. गंगाखेडच्या ठाण्यातून तो पोळ्याच्या बंदोबस्ताला आला होता. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची, यावरून इथं दोन भावक्यांत दरसाल डोकी फुटत. बैलांचं त्यावर काही मत नव्हतं.

"जमादारसाब, चाकात माणूस हाय," सुलाबाई म्हणाली.

"जिता का मेला?"

"हात तर लय गप हाय."

नागनाथानं तंबाखू तोंडात टाकली आणि उठला.

भांबरगावची आगबोट ही निजामाच्या राज्यातली वस्तू. कुण्या जहागीरदारानं बदकं मारायला ती दूर खालच्या गोदावरीवरून विकत आणली. सुट्या भागांनी, बैलगाड्यांतून. पुढं कळलं की तिचा आवाज ऐकून बदकं दुसऱ्या तालुक्यात जातात. जहागीरदारानं नाद सोडला, मग राज्यच गेलं, आणि घाटाच्या गुत्तेदारानं तिला माणसं पार करायच्या कामाला लावली. दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांची पुरुषभर उंच चाकं, मधे बायलर, वर पत्रा आणि एक धुराडं. वाफ मोजायच्या घड्याळाचा काटा पोलीस ॲक्शनच्या साली अडकला, तो अजून तिथंच होता. बोट चालो की बंद असो, काटा म्हणायचा वाफ भरपूर आहे.

बैलांनी ओढून आणली म्हणून गावानं तिला बैलांत जमा धरलं. पण आगबोट पडली बाईमाणूस आणि पोळा बैलांचा. गाव बसलं, तोड निघाली, आणि तिचं नाव सर्जेराव ठेवलं. तेव्हापासून सर्जेराव यायचा, सर्जेराव जायचा, सर्जेराव गाळात बसायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची खांदमळणी व्हायची. भट्टीतली आग ओढून काढायची. चाकाचा आस ज्या लोखंडी बैठकीवर टेकतो तिला सगळे खांदाच म्हणत. तिथं बैलाच्या खांद्याला लावतात तसं हळद-तूप लावायचं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,' असं म्हणायचं. आणि पोळ्याचा दिवस मावळेपर्यंत चाक तसूभरही हलवायचं नाही. दुष्काळाच्या साली नदीत नुसती वाळू होती. सर्जेराव वर्षभर वाळूत उभा होता. तरी पोळ्याला त्याला रीतसर सुट्टी मिळाली होती.

घाटावर गाव गोळा झालं होतं. नागनाथ बोटीवर चढला.

काठाकडच्या चाकावर लाकडी टोपी होती. चाकात अडकलेलं गवत काढायला तिला एक झडप ठेवलेली. झडप उघडी होती. आत दोन फळ्यांच्या बेचक्यात भुजंग कोंबल्यासारखा अडकला होता. डोकं मागून फुटलेलं. कमरेखालचं धोतर पाण्यात भिजत होतं. अंगरखा आणि पटका कोरडे होते.

"चाक पाव येढा फिरवलं तर सुटंल," सुतार म्हणाला. भट्टी थंड असली तरी पहारीनं रेटलं की एकटा माणूस चाक फिरवू शकत असे. पहार शेजारीच होती.

"आज पोळा हाय, बाबा," सुकाणूवर बसणारा रंगनाथ पुढं येऊन म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. भुजंगाबरोबर तो बोटीवर पंधरा पावसाळे होता. "एक पाप झालंय तेवढं बास."

गर्दीनं माना हलवल्या. बोटीचा गुत्तेदार तात्याराव, त्यानंही हलवली. मग चाकाच्या दोन फळ्या करवतीनं कापायचं ठरलं. माणूस मेला होता, चाकाला मात्र कुणी त्रास देऊ इच्छित नव्हतं. कापताना सुताराचा पाय खांद्यावर टेकणार, तेवढ्यात रंगनाथानं तो धरून बाजूला ठेवला. तिथं हळद-तुपाचा पंजा उमटलेला होता. अर्धा आसावर, अर्धा बैठकीवर. चार बोटांचा.

"काल त्यानंच लावला," रंगनाथ म्हणाला आणि पुन्हा डोळे पुसू लागला.

दोन फळ्या कापून भुजंगाला काढलं. नागनाथानं भट्टीत हात घातला. तळाशी ओंजळभर राख, कोमट. वर बायलरच्या पोटाला हात लावला. ते माठासारखं गार होतं. त्यानं काट्याकडे पाहिलं. काटा म्हणाला, वाफ भरपूर आहे.

चौकशी पिंपळाच्या पारावर झाली.

"काय पाहिलंस, रंगनाथ?"

"मी मारुतीच्या पायरीवर बसलो होतो, जमादारसाब. फटफटायलं होतं. भुजंग झडपीतून चाकात उतरला, गवत काढायला. तेवढ्यात आश्रुबानं वाफेचा दांडा वढला."

"मग?"

"मग काय. चाक फिरलं. चार-पाच येढे, धडाधड. भुजंग वरडला बी न्हाई धड. आश्रुबा उडी टाकून पळाला. मी तसाच तात्यारावांकडं पळालो."

तात्यारावानं सांगितलं, रंगनाथ पहाटे धापा टाकत आला हे खरं. आपण स्वतः काही पाहिलं नाही, ऐकलंही नाही. आपण झोपेत होतो. उठून घाटाकडे निघेपर्यंत सुलाबाईची ओरड झाली.

"आश्रुबा असं कशाला करील?"

"मुद्दाम केलं का चुकून, ते त्याला इचारा," रंगनाथ म्हणाला. "पण आज चाकाला हात लावायची हिंमत गावात दुसऱ्या कुणाची हाय? त्याला पोळा न्हाई."

गर्दीत हे लगेच पटलं. आश्रुबा बोटीचा आगवाला, भट्टीत बाभळीचे ओंडके टाकायचं काम त्याचं. त्याच्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात पोळा नव्हता. खांदमळणीच्या संध्याकाळी तो आग ओढून काढी, राख नदीत टाकी, आणि हळद यायच्या आत घरी जाई. ज्याला पोळा नाही त्यानंच चाक फिरवलं. इतका सोपा गुन्हा नागनाथाच्या नोकरीत आजवर आला नव्हता. म्हणूनच तंबाखू त्याला कडू लागत होती.

आश्रुबाला बौद्धवाड्यातून आणलं. तो घरीच सापडला, वळचणीला कुदळीला दांडा बसवत. पळून गेलेल्या माणसाच्या मानानं तो फारच जवळ होता.

"काल आग काढलीस?"

"काढली. राख बी टाकली."

"मग भट्टीत आज राख कुठून आली?"

"मला काय म्हाईत, साहेब. मी न्हाई टाकली."

"पहाटे कुठं होतास?"

"घरी. झोपलो होतो." त्याच्या मागं त्याची बायको तानुबाई उभी होती. ती म्हणाली, "माझ्या शेजारी होते. पण मी त्यांची बायको. माझं कोण ऐकंल?"

रंगनाथाची जबानी होताच नागनाथानं भोयाच्या होडीतून बरोबरचा शिपाई पलीकडे गंगाखेडला धाडला होता. दुपारी शिपाई परतला. फौजदारांचा निरोप असा, की प्रकरण उघड आहे, आगवाल्याला बेडी घालून उद्याच्या पहिल्या खेपेनं हजर करा.

उद्याची पहिली खेप म्हणजे सर्जेराव. सर्जेरावाची भट्टी पेटवणारा गावात एकच माणूस. म्हणजे आश्रुबानं स्वतःच्या बेडीला स्वतःच ओंडके टाकायचे होते. नागनाथानं निरोप आश्रुबाला तसाच सांगितला. आश्रुबानं आपली दोन्ही मनगटं पाहिली.

"एका हाताला बेडी घाला, साहेब," तो म्हणाला. "दोन्हीला घातली तर ओंडका उचलणार न्हाई."



नागनाथ भुजंगाच्या घरी गेला. बायका बसल्या होत्या. भुजंगाची बायको केशरबाई भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी पाहत होती. त्यानं हळू विचारलं, नवरा कुणाशी भांडला होता का?

"भांडण न्हाई. पण पंधरवडा झाला, घास गोड लागंना त्यांना. कडूबाई बुडाली तवापासून." ती थांबली. "पोळा होऊ दे, मग परभणीला जायाचंय म्हणले. मी इचारलं, काय काम? म्हणले, तोंडावरचं वझं टाकायचंय."

कडूबाईची गोष्ट नागनाथाला ठाऊक होती. पाथरीकडची बाई, पोट घेऊन माहेरी निघालेली. मधल्या धारेत बोट वाळूच्या पट्ट्याला घासली, हिसका बसला, ती कठड्यावरून चाकापुढं पडली. रंगनाथानं जबानी दिली होती की गंगेची ओटी भरायला ती फार वाकली. बाकीच्यांनी मान हलवली. नदीवर गुन्हा दाखल करता येत नाही, म्हणून कागद मिटला होता.

तात्यारावाला परभणीचं नाव काढताच घाम फुटला.

"जिल्ह्याला बायलरची तक्रार द्यायची असंल," तो म्हणाला. "ठिगळं हायत त्याला. भुजंग म्हणायचा, एक दिवस फुटंल. पण जमादारसाब, बायलरसाठी मी माणूस मारीन का? माणूस मारून इंजीन कोण चालवंल?"

हा मुद्दा नागनाथाला पटला. तात्याराव दयाळू नव्हता, पण हिशेबी होता.

मग त्यानं आश्रुबाला पुन्हा गाठलं. चावडीच्या खांबाला बांधून ठेवलेला तो माणूस बाहेर चाललेली बैलांची सजावट बघत होता. कुणाच्या शिंगांना बेगड, कुणाच्या पाठीवर झूल.

"कडूबाई पडली तेव्हा तू काय पाहिलंस?"

"काहीच न्हाई. मी खाली भट्टीपुढं असतो. मला आभाळ दिसत न्हाई का पाणी." त्यानं विचार केला. "पण घंटी वाजली न्हाई."

"कसली घंटी?"

"सुकाणूवाल्यापाशी दोरी असती. पुढं वाळू दिसली, माणूस पडलं, का त्यानं दोरी वढायची. खाली घंटी वाजती. भुजंगदादा लगेच वाफ तोडायचे. तवा घंटी वाजलीच न्हाई. लोक वरडले तवा दादांनी दांडा बंद केला."

"भुजंग काय म्हणाला?"

"काही न्हाई. वर गेले, खाली आले. वरून शिंदीचा वास घेऊन आले. ते तर पीत नव्हते."

नागनाथ उठला. एक कारण हाती आलं होतं. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे. तसं पाहिलं तर फौजदारांना मारायचं कारण खुद्द त्याच्याकडेही होतं. शिवाय रंगनाथानं डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि आश्रुबाच्या बाजूनं फक्त त्याची बायको होती.

उन्हं कलली तशी तो घाटावर गेला. सर्जेरावाच्या कठड्यावर पाय सोडून बसला. धुराड्याला झेंडूची माळ घातलेली होती. कापलेल्या फळ्यांच्या जागी चाकाला दोन दात पडल्यासारखं दिसत होतं.

तुपावर मुंग्या आल्या होत्या. एकामागं एक, बैठकीवरून निघून चार बोटांच्या कडेनं आसावर चढत होत्या. नागनाथ नुसता बघत राहिला. मुंग्या कुठं अडत नव्हत्या. कुठं वळसा घेत नव्हत्या. बैठकीवरचा तळवा जिथं संपे, तिथंच आसावरची बोटं सुरू होत.

त्याची तंबाखू तोंडातच राहिली.

तोरण पूर्वी वेशीत बांधत. सर्जेरावाला वेशीपर्यंत येता येईना, म्हणून गावानं तोरणच घाटावर आणलं. संध्याकाळी सगळे बैल तिथं उभे होते, दोन्ही भावक्या काठ्या घेऊन उभ्या होत्या. नागनाथानं जाहीर केलं की आज पहिला मान सर्जेरावाचा. यावर कुणाला भांडता येईना. बोट कुणाच्याच भावकीत नव्हती.

त्यानं आश्रुबाला बोटीवर आणवलं. मग रंगनाथाला, तात्यारावाला. केशरबाई काठावर उभी होती.

"रंगनाथ, सकाळचं पुन्हा सांग. गावाला ऐकू दे. चाक किती फिरलं?"

"चार-पाच येढे."

"डोळ्यांनी पाहिलंस?"

"गंगेची आण."

"खांदमळणी काल कुणी केली?"

"भुजंगानं आणि म्या. काठाकडचा खांदा त्याचा, पल्याडचा माझा."

"हा पंजा कुणाचा?"

"त्याचाच की. चार बोटं हायत."

"नीट बघ."

रंगनाथानं पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. म्हणजे दिसलं ते सकाळपासून दिसत होतं तेच.

"अर्धा पंजा आसावर आहे," नागनाथ म्हणाला, "आणि अर्धा बैठकीवर. आस फिरतो, बैठक फिरत नाही. काल संध्याकाळनंतर चाक एकदा जरी फिरलं असतं, तर बोटं एकीकडे आणि तळवा एकीकडे गेला असता. चार-पाच वेढे फिरलं असतं, तर सगळं तूप पुसून गेलं असतं. इथं मुंगीसुद्धा सरळ चालायलीय."

एका बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"कुणी नंतर लावला म्हणावं, तर तेही नाही. चार बोटं भुजंगाचीच, आणि मेलेला माणूस खांदमळणी करत नाही. भुजंगाचा पटका कोरडा होता. हे चाक फिरलं की कठड्यावरची माणसंही भिजतात, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वाफ कुठली? बायलर गार होता. ओंजळभर राखेत वाफ धरत नाही, तेवढ्यात चहा होतो. ती आग वाफेसाठी नव्हतीच. ज्या ओंडक्यानं भुजंगाचं डोकं फोडलं, तो जाळायला पेटवली होती. शिवाय भट्टी गरम दिसली की नाव आगवाल्यावर जातं."

"चाक फिरलंच नाही," तात्याराव सावकाश म्हणाला. आणि रंगनाथापासून एक पाऊल मागं सरला.

"फिरलंच नाही. मग ज्यानं ते फिरताना पाहिलं, त्यानं काय पाहिलं?" नागनाथ रंगनाथाकडे वळला. "कडूबाई पडली तेव्हा तू सुकाणूवर शिंदी पिऊन झोपला होतास. घंटी वाजली नाही. भुजंगाला ते माहीत होतं. तो पोळा झाला की परभणीला जाऊन सांगणार होता. बरोबर?"

रंगनाथ सुकाणूच्या दांड्याला धरून उभा होता. त्यानं केशरबाईकडे पाहिलं, मग खाली.

"पहाटे पाया पडलो त्याच्या," तो म्हणाला. "म्हणलं, पोरीचं लगीन होऊ दे. तो म्हणला, कडूबाईच्या पोटात बी पोरच होतं. आन् पाठ फिरवून धुराड्याला माळ घालाय लागला."

काठावर केशरबाईनं पदर तोंडात धरला.

नागनाथाला एकच गोष्ट कळत नव्हती, आणि ती विचारल्याशिवाय त्याला झोप लागली नसती. दिवसभर गाव म्हणत होतं, ज्याला पोळा नाही त्यानंच चाक फिरवलं. आश्रुबानं मारलं असतं तर त्यानं चाक खरंच फिरवलं असतं. त्याला कोण अडवणार होतं?

"रंगनाथ, मुडदा चाकात घातलास. भट्टी पेटवलीस. पहार हाताशी होती. एक वेढा फिरवला असतास तर हा पंजा पुसला असता आणि आश्रुबा जन्मभर आत गेला असता. का नाही फिरवलास?"

रंगनाथानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढं साधं या माणसाला कसं समजत नाही.

"पोळा होता, जमादारसाब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबानं भट्टी पेटवली. दोन्ही हातांनी. इंजिनाला हात लावायची त्याला आजवर मुभा नव्हती, फक्त आगीला होती. तात्यारावानं वाफेचा दांडा त्याच्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही. बोलणाऱ्याला पोहत जावं लागलं असतं. तात्याराव स्वतः सुकाणूवर बसला आणि घंटीची दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.

रंगनाथ बेडी घालून चाकाशेजारी बसला होता. तानुबाई काठावर उभी होती. उन्हं वर आली तसा बायलर कण्हू लागला. काटा कालच्याच जागी होता.

"फिरवू का, साहेब?" आश्रुबानं खालून विचारलं.

"फिरव," नागनाथ म्हणाला. "पोळा झाला."

दोन फळ्या नसल्यानं चाक लंगडत निघालं. धप, धप, मधे एक रिकामी जागा, पुन्हा धप. भुजंगाची चार बोटं आसाबरोबर वर उचलली गेली आणि फिरून खाली गेली. तळवा मागं राहिला.

रंगनाथानं तोंड पाण्याकडे वळवलं. तिकडे पाहिलं असतं तर कडूबाईची जागा आली असती, म्हणून मग त्यानं डोळेच मिटून घेतले. बोटं पुन्हा वर आली तेव्हा ती दोनच उरली होती.